फ्लेक्सवरचं औषध

"मॅडम, गेटवर एक पावणं आल्यात. बाळ हाय संगं. फ्लेक्सवालं औषध पायजे म्हणत्यात."

फोनवर आमचा वॉचमन शंकर होता. मी लॅबमध्ये होते. हातात ग्लोव्हज असल्यामुळे फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

"आपण औषध बनवत नाही," मी म्हटलं. "सांगा त्यांना."

"सांगितलं की. ते म्हणत्यात, फ्लेक्सवर कंपनीचं नाव हाय आणि औषधाचं बी हाय. सकाळधरनं बसल्यात."

"कुठला फ्लेक्स?"

"तुमी बघितला न्हाईसा व्हय? आख्ख्या पेठंत लागलाय."

इरा, कबीर, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी या वयात कंपनीत जाऊन नक्की करते काय. इरा आता बायोलॉजी घेणार म्हणते, म्हणून नीट सांगायला बसले आहे. कामाची माहिती मला एका पानात देता आली असती. पण ते काम काय आहे आणि काय नाही, हे मला स्वतःला ज्या प्रसंगात सगळ्यात स्पष्ट दिसलं तोच सांगते. प्रसंग चांगला नाही. तुमच्या बाबांनी आधी वाचावा आणि मग तुम्हाला द्यावा.

आमची कंपनी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आहे. एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला पशुखाद्याचं गोडाऊन. मालक दीपक मोहिते हा कॉलेजातला माझा विद्यार्थी. मी रिटायर झाल्यावर त्याने मला क्वालिटी कंट्रोल बघायला बोलावलं. म्हणजे कागदोपत्री तो माझा बॉस आहे. तो मला मॅडम म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. दोघांनाही त्याची सवय झाली आहे.

आम्ही माणसाची प्रथिनं बनवतो. आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एखाद्या संशोधकाला त्यातल्या एकाचा अभ्यास करायचा असेल तर ते माणसाच्या अंगातून काढून आणता येत नाही. मग त्या प्रथिनाची कृती, म्हणजे जीन, घ्यायचा आणि दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत बसवायचा. त्या पेशी ती कृती वाचतात आणि माणसाचं प्रथिन तयार करू लागतात. याला रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. आमच्या पेशी हॅमस्टरच्या असतात. काचेच्या भांड्यात त्या वाढवायच्या, त्यांनी बनवलेलं प्रथिन गाळून वेगळं करायचं, गोठवून सुकवायचं आणि बारीकशा बाटल्यांत भरायचं. बाटलीवर लेबल असतं : केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. संशोधनसंस्था आणि कॉलेजं ती विकत घेतात. बाटली बाहेर पडण्याआधी आत खरोखर तेच प्रथिन आहे का, ते काम करतं का, किती शुद्ध आहे, हे तपासून त्यावर सही करणं हे माझं काम.

त्या सुमारास आम्ही अल्फा ग्लुकोसिडेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बनवलं होतं. शरीर साखर साठवून ठेवतं आणि लागेल तशी मोडतं. पेशीत ती मोडायला हे एन्झाइम लागतं. काही थोडी बाळं ते न बनवताच जन्माला येतात. मग साखर स्नायूंमध्ये आणि हृदयात साचत जाते. बाळ मान धरत नाही, दूध ओढताना दमतं, हृदय फुगतं. या आजाराला पॉम्पे म्हणतात. त्यावर औषध आहे. ते परदेशातून येतं, दर पंधरवड्याला शिरेतून द्यावं लागतं, जन्मभर. आणि त्याची किंमत ऐकून माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

ते औषध म्हणजेही अल्फा ग्लुकोसिडेजच.

आमच्याकडचं एन्झाइम ओंकारने बनवलं होतं. ओंकार सरनाईक, आमचा तरुण सायंटिस्ट, पेठेतला मुलगा. बऱ्याच फसलेल्या बॅचेसनंतर ते जमलं तेव्हा त्याने तालमीच्या कट्ट्यावर चहा पाजला. तालीम म्हणजे पूर्वी गल्लीतली कुस्तीची जागा. आता कुस्ती कमी आणि मंडळ जास्त. गणपती, फुटबॉल, रक्तदान, अँब्युलन्स, सगळं तालमीचं. चहा कशाचा म्हणून पोरांनी विचारलं. ओंकारने सांगितलं, "हे एन्झाइम ज्या बाळांना नसतं ती जगत नाहीत. बाहेरच्या देशात हेच औषध म्हणून देतात."

दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्या मागोमाग तिसरं वाक्य यायला हवं होतं, की आम्ही बनवलेलं ते औषध नाही. ते कुणी विचारलं नाही आणि चहाच्या आनंदात त्यानेही सांगितलं नाही.

कोल्हापुरात कुणाची निवड झाली, वाढदिवस आला, नवी गाडी घेतली की चौकात फ्लेक्स लागतो. ज्याचा फ्लेक्स त्याला आधी विचारायची पद्धत नाही. विचारलं तर त्यातली मजाच गेली. गणपती नुकते झाले होते, चौकातले लोखंडी सांगाडे मोकळे होते. त्यांवर ओंकार लागला. पांढरा कोट, हाताची घडी. मागे आकाशगंगा, ती का होती ते मला आजही कळलेलं नाही. खाली गॉगलवाल्या सगळ्या पोरांचे फोटो. आणि वर मोठ्या अक्षरांत : बाळांच्या जीवघेण्या आजारावर कोल्हापुरात औषध तयार करणारे आमच्या पेठेचे शास्त्रज्ञ. खाली कंपनीचं नाव. शास्त्रीय दिसावं म्हणून एन्झाइमचं पूर्ण नाव इंग्रजीत. ते ओंकारकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं होतं. त्याला वाटलं, कुणाला तरी सहज हवंय.

दीपकला फ्लेक्स आवडला होता. त्याने तो स्टेटसला ठेवला. मी चौकातून जात नाही आणि स्टेटस बघत नाही, त्यामुळे मला गेटवर माणूस येईपर्यंत काही ठाऊक नव्हतं.

मी त्यांना ऑफिसमध्ये बोलावलं.

तिशीच्या आतबाहेरचा माणूस, बायको आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. "मी अस्लम शिकलगार. मलकापूरचा. रत्नागिरी रोडला वेल्डिंगचं दुकान हाय. ही नाझनीन. ही माहिरा."

माहिरा सात-आठ महिन्यांची होती. डोळे टपोरे, जागे. नजर फिरत होती, डोकं फिरत नव्हतं. हात जिथे ठेवावा तिथे राहत होता. श्वास घेताना पोट वर-खाली होत होतं. मी डॉक्टर नाही, पण त्या आजारावर इतकं वाचलं होतं की मला सांगायची गरज पडली नाही.

अस्लमने एका हातात मोबाईलवरचा फ्लेक्सचा फोटो धरला आणि दुसऱ्या हातात तपासणीचा रिपोर्ट. "हे बघा मॅडम. नाव सेम हाय. एकेक अक्षर जुळवून बघितलंय मी. डॉक्टर म्हणले, पोरीच्या अंगात ह्येच न्हाय. आणि तुमी ह्येच बनवलंय."

नाव खरंच तेच होतं. त्याने काहीही चुकीचं वाचलं नव्हतं.

मी विचारलं, "डॉक्टरांनी पुढे काय सांगितलं?"

"मुंबईला जावा म्हणले. तिथं सरकारी हॉस्पिटलात ह्या आजाराचा वेगळा विभाग हाय. तारीख बी काढून दिलती."

"कधीची?"

"गेल्या सोमवारची."

"मग?"

"तिकीट काढाय स्टेशनला आलतो. वाटंत फ्लेक्स दिसला." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "म्हटलं, अल्लानं हितंच सोय केली. मुंबईला आपलं कोण हाय मॅडम? हितं आपली माणसं. गेलो न्हाय मग. कंपनी हुडकाय इतकं दिस गेलं."

"तारीख सोडली?"

"सोडली की."

मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. खरं म्हणजे मला स्वतःला काहीतरी करायचं होतं म्हणून.

मग मी समजावायला लागले. आयुष्यभर शिकवलं आहे, अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते असा माझा समज आहे. मी म्हटलं, आम्ही बनवतो ते काचेच्या नळीत काम करतं. ते निर्जंतुक नसतं. त्यात पेशींचे, भांड्यांचे बारीक अंश राहतात, नळीला त्याचं काही होत नाही, बाळाला ताप भरेल, रक्तदाब कोसळेल. शिवाय हे एन्झाइम रक्तात सोडून भागत नाही, ते स्नायूच्या पेशीच्या आत शिरावं लागतं. त्यासाठी त्याच्यावर एक खास साखर लागते, पत्रावर पत्ता असावा तशी. आमच्या एन्झाइमवर तो पत्ता पुरेसा नाही. संशोधकांना त्याची गरज नसते म्हणून आम्ही बघतही नाही.

अस्लम लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "हे तुमी कुणाला देता?"

"कॉलेजांना. लॅबला."

"ते काय करत्यात?"

"नळीत टाकतात. कधी उंदरांवर बघतात."

"उंदराला चालतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "उंदराला चालतं, मग माज्या पोरीला का न्हाय?"

"उंदीर मेला तर ते लिहून ठेवतात, उंदीर मेला."

हे मी फार कठोर बोलले. पण त्याहून मऊ शब्दांत ते खरं राहत नव्हतं.

नाझनीन खुर्चीच्या कडेला सरकली. "थोडा तो भी देव ना, मॅडम," ती म्हणाली. "थोडाच."

मी उठून फ्रीजरमधून एक बाटली आणली. वाटलं, डोळ्यांनी पाहिलं तर पटेल. ही माझी समजूत चुकली. सुकवलेलं प्रथिन इतकं कमी असतं की ते काचेला फिल्मसारखं चिकटून राहतं, दिसत नाही. अस्लमने बाटली उजेडात धरली, उलटी केली, टिचकी मारली.

"ही रिकामी हाय."

"रिकामी नाही. आत आहे."

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाटली टेबलावर ठेवली, हळूच. "ऱ्हाऊ दे मॅडम," तो म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानदारांकडून "माल संपलाय" ऐकलेलं असतं त्याचा असतो तसा तो आवाज होता. मुलीला उचलून ती दोघं गेली.

मी मुंबईला फोन लावला. त्या विभागाच्या डॉक्टरबाई बऱ्याच प्रयत्नांनी भेटल्या. "शिकलगार? आम्ही त्यांची वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "ती जागा दुसऱ्या बाळाला दिली. का नाही आले?"

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बाळाचं हृदय किती वाढलंय, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. "आठवड्यात एकच दिवस ओपीडी असते. पण तुम्ही त्यांना पाठवा. कसंही करून पाठवा. इथे आल्यावर मी बघते."

गेटच्या रजिस्टरमधून नंबर घेऊन मी अस्लमला फोन करत राहिले. त्याने उचलला नाही. मी कोण होते? रिकामी बाटली दाखवणारी बाई.

दुसऱ्या दिवशी तो परत आला तो तालमीबरोबर.

गेटवर पंचवीस-तीस मोटारसायकली. पुढे बंटीदादा, तालमीचा अध्यक्ष. आडदांड, गळ्यात साखळी, आवाज फाउंड्रीच्या वर जाणारा. फ्लेक्स त्याच्याच खर्चाने लागला होता. अस्लम चौकात फ्लेक्सखाली उभा राहून ओंकारचं घर विचारत होता, तिथून तो बंटीदादापर्यंत पोहोचला होता. बंटीदादा रात्रभर झोपला नव्हता असं पोरं सांगत होती. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. त्या गर्दीत सगळ्यात जास्त रडवेला तोच होता, फक्त ओरडत होता.

दीपक माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, गेटवर मोबाईलवर शूटिंग चाललंय. उद्या हे सगळीकडे जाईल. काहीतरी द्यायला लागेल."

"काय देऊ?"

त्याने दार लोटून घेतलं. "सलाईन भरून द्या एका बाटलीत. नुसतं मिठाचं पाणी. त्याने बाळाला काही होणार नाही. त्यांचं समाधान होईल."

दीपक वाईट नाही. घाबरलेला माणूस असाच विचार करतो. मी म्हटलं, "दीपक, मिठाचं पाणी घेऊन तो मलकापूरला परत जाईल. मुंबईला जाणार नाही. पंधरा दिवस वाट बघेल, फरक पडतो का म्हणून. आणि तू मला सांग, पंधरा दिवस कुणाकडे आहेत?"

त्याने लोटलेलं दार परत उघडलं.

"आत घे त्यांना," मी म्हटलं. "बंटीला, अस्लमला. आणि ओंकारला बोलाव."

ओंकार आला तेव्हा त्याच्या हातात पेन होतं. तो आधीच बोलायला लागला. "मॅडम, मी विचार केलाय. आपण परत शुद्ध करू. ताप आणणारं एन्डोटॉक्सिन काढता येईल. स्टराइल फिल्टर लावू. पत्त्याचा प्रॉब्लेम आहे, पण थोडं तर जाईल पेशीत. मी घरी जाणार नाही, इथेच थांबतो. दोन आठवडे द्या मला."

बंटीदादा म्हणाला, "बघा मॅडम, पोरगं तयार हाय. तुमीच आडवं येताय. जबाबदारी पायजे न्हवं? आण कागद, मी सही करतो. आख्खी तालीम सही करती."

"ओंकार," मी म्हटलं, "माहिराचं वजन पाच किलो धर. डोस लिही फळ्यावर."

त्याने लिहिला. शंभर मिलिग्रॅम.

"आपल्या एका बाटलीत किती असतं?"

"दहा मायक्रोग्रॅम."

"बंटीदादा, मिठाचा एक कण घ्या. त्याचे सहा तुकडे करा. त्यातला एक तुकडा एका बाटलीत असतो. ओंकार, एका डोसला किती बाटल्या?"

ओंकारने भागाकार केला. दहा हजार. पेन फळ्यावरच राहिलं. हा हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. कुणीही मिनिटभरात करेल असा आहे. पण आम्ही रोज मायक्रोग्रॅममध्ये विचार करतो. त्यात दहा ही मोठी संख्या असते. बाळाचं वजन आमच्या हिशेबात कधी येतच नाही.

"आतापर्यंत आपण एकूण किती बनवलं? पहिल्या बॅचपासून."

तो बोलला तेव्हा आवाज नीट ऐकू येत नव्हता. "तीन मिलिग्रॅम. जास्तीत जास्त."

"आणि हा डोस किती दिवसांनी परत लागतो?"

"पंधरा."

शेजारच्या फाउंड्रीतून घण पडत होते. बंटीदादा फळ्यावरची शून्यं बोटाने मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने परत मोजली.

"म्हंजे," तो म्हणाला, "सगळ्या बाटल्या एकत्र केल्या तरी..."

"तरी एका डोसाचा तिसावा भाग होत नाही. मी द्यायचं ठरवलं तरी माझ्याकडे द्यायला काही नाही."

"मग आम्ही छापलं काय?"

ओंकार भिंतीकडे बघत होता. बंटीदादा त्याच्याकडे वळला. "तू सांगाय पायजे हुतास की रं."

"तुम्ही विचारलं कुठं?" ओंकार म्हणाला. "फ्लेक्स लागल्यावर कळलं मला."

"लागल्यावर तरी सांगायचंस."

फ्लेक्स लागल्या दिवशी ओंकारच्या आईने त्याला ओवाळलं होतं.

अस्लम इतका वेळ फळ्यासमोर उभा होता. तो वेल्डर, मापं त्याला कळतात. त्याने फळा पाहिला, मग टेबलावरची कालची बाटली उचलली आणि परत उजेडात धरली. या वेळी त्याने टिचकी मारली नाही.

"म्हंजे कालबी खरंच बोलला तुमी," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, गरिबाला देत न्हाईत."

त्यानंतर जे झालं ते तालमीने केलं आणि इतक्या वेगाने केलं की मी नुसती पाहत राहिले. बंटीदादाने दोन फोन केले. अँब्युलन्स गेटवर आली. ऑक्सिजनचा सिलेंडर आला. कुणाचा तरी मेव्हणा मुंबईत राहत होता, नाझनीनच्या राहण्याची सोय तिथे झाली. काल "मुंबईला आपलं कोण हाय" म्हणणाऱ्या माणसाला एका तासात मुंबईत चार माणसं मिळाली. मी डॉक्टरबाईंना कळवलं. नाझनीन गाडीत बसली तेव्हा तिने माहिराचं डोकं हाताच्या कोपरात नीट बसवून घेतलं. दुपारी गाडी निघाली. पोरांनी चौकातला फ्लेक्स त्याआधीच फाडला होता.

मला त्या दिवशी वाटलं की वेळ गेला तरी वाया गेला नाही. हे मी तुम्हाला सांगते, कारण आशा अशीच असते. तिला कारण लागत नाही.

मुंबईत माहिराला लगेच दाखल करून घेतलं. तपासण्या परत झाल्या, कारण औषध मागायचं तर निदान पक्कं हवं. मग सरकारी मदतीतून औषध मिळावं म्हणून केलेला अर्ज समितीपुढे जायचा होता. समिती ठरलेल्या दिवशी बसते, कारण तिच्यापुढे अशी बरीच बाळं असतात. औषध बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडेही मागणी केली, ती काही बाळांना मोफत देते. मेल मी लिहून दिल्या. इंग्रजी चांगलं आहे माझं, त्याचा तेवढा उपयोग. उत्तरं सभ्य होती. कागद मिळाले, विचार चालू आहे. मी रोज सकाळी मेल उघडत असे आणि मग लॅबमध्ये जाऊन त्याच एन्झाइमच्या बाटल्यांवर सह्या करत असे. त्या आठवड्यात एका लॅबची ऑर्डर होती. प्रथिन उत्तम उतरलं होतं. जितकं काम करायला हवं त्याहून जास्त करत होतं. नळीत.

माहिराला न्यूमोनिया झाला. या बाळांना होतो, छातीच्या स्नायूंत खोकायचीही ताकद नसते. तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. समितीचा होकार आला, त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला स्वतः फोन करून सांगितलं. औषध मागवलं होतं. ते पोहोचायच्या आधी ती गेली.

मला बंटीदादाने कळवलं. तो मुंबईतच थांबला होता. "मॅडम, न्हाय जमलं," एवढंच म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही. मागे हॉस्पिटलचा लाऊडस्पीकर कुणाचं तरी नाव पुकारत होता.

ओंकारने महिनाभरात नोकरी सोडली. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मॅडम, मी चौकातून गेलो की पोरं गप्प होतात." आता तो सांगलीला एका शाळेत सायन्स शिकवतो. चांगला सायंटिस्ट होता. दीपकने ते एन्झाइम बनवणं बंद केलं नाही, आणि मीही त्याला तसं सांगितलं नाही. ज्या लॅब ते घेतात त्यांच्यापैकी कुणी तरी कधी तरी औषध स्वस्त कसं करायचं ते शोधेल. तसं कुणी शोधल्याचं माझ्या कानावर अजून आलेलं नाही.

अस्लमचा फोन आला तो बऱ्याच आठवड्यांनी. दुपारची वेळ होती. त्याच्यामागे वेल्डिंगचा आवाज नव्हता, रस्त्यावरच्या गाड्यांचा होता. त्याने माझी तब्येत विचारली. मी नाझनीनची विचारली. "हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरात मला कोण कायबी बोलत न्हाय, मॅडम. त्येच वंगाळ हाय. बोलले असते तर बरं झालं असतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एक विचारू? तुमी खोटं बोलत न्हाईसा म्हणून विचारतो. त्या सोमवारी गेलो असतो, तारखेला, तर?"

इरा, याचं शास्त्रीय उत्तर मी तुला देते. या आजारात औषध जितकं लवकर तितकं बरं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आठवड्यांनी फरक पडतो. पण त्या बाळाच्या हृदयाची अवस्था काय होती, समितीने तेव्हा किती वेळ घेतला असता, न्यूमोनिया कधी झाला असता, हे कुणीही सांगू शकत नाही. मी डॉक्टरबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते विचारू नका." म्हणजे खरं उत्तर एकच होतं : माहीत नाही.

"काही फरक पडला नसता," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

क्वालिटी कंट्रोलला नवीन मुलं लागली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगते. जी टेस्ट झालेली नाही तिच्यापुढे पास लिहायचं नाही, मग समोर कुणीही उभा असो. नियम चांगला आहे. इरा, तुला या क्षेत्रात यायचं असेल तर तो पाळ. मी आजवर तो एकदाच मोडला आहे, आणि अस्लमचा फोन परत आला तर परत मोडेन.